चार ठिपक्यांच्या बाजूने

हौशी आकाशदर्शनाविरुद्ध जो आक्षेप हल्ली सर्रास ऐकू येतो, तो वरवर पाहता बिनतोड आहे. जूनो हे यान २०१६ साली गुरूच्या कक्षेत पोचले. डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आयो या गुरूच्या उपग्रहापासून अवघ्या दीड हजार किलोमीटरवरून गेले. तिथले ज्वालामुखी, लाव्हाची सरोवरे, गंधकाने माखलेली पिवळट भूमी यांची छायाचित्रे कोणालाही घरबसल्या, फुकट पाहता येतात. मग गच्चीवर डास मारत उभे राहायचे, एका नळीला डोळा लावायचा आणि त्याच आयोचा एक पांढुरका ठिपका पाहायचा, यात कोणते शहाणपण आहे? प्रश्न विचारणारा बहुधा हसून विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता विषय बदलतो.

आम्ही या वादात त्या ठिपक्याच्या बाजूने आहोत. साहित्याला वाहिलेल्या पानावर ही तक्रार कशाला, असे कुणाला वाटेल. पण आमच्या मते हा वाद खगोलशास्त्रातला नाहीच. मूळ संहिता स्वतः वाचायची की तिच्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले वाचून भागवायचे, हा तो वाद आहे. आणि तो आमच्या-तुमच्या अंगणातला आहे. शिवाय या छंदाची टिंगल करणाऱ्यांपेक्षा त्याची तरफदारी करणाऱ्यांनीच त्याचे अधिक नुकसान केले आहे, अशी आमची समजूत आहे. तिच्याकडेही पुढे येऊच.

आधी प्रत्यक्षात काय दिसते ते सांगितले पाहिजे, कारण याबाबतीत अतिशयोक्ती फार होते. साधी द्विनेत्री दुर्बीण कठड्यावर नीट टेकवून गुरूकडे रोखली, तर एक लहानशी, किंचित पिवळसर टिकली दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, दोन, तीन किंवा चार ठिपके. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. रंग नाही, पृष्ठभाग नाही, ज्वालामुखी तर नाहीच. त्यांतला गॅनिमीड बुध ग्रहाहून मोठा आहे ही माहिती पुस्तकातली. डोळ्याला तो इतर तिघांसारखाच ठिपका. हे चौघे एरवी नुसत्या डोळ्यांनीही दिसावेत इतके तेजस्वी आहेत; गुरूच्या झळाळीत ते बुडून जातात एवढेच. दुर्बिणीचे काम त्यांना त्या झळाळीतून बाजूला काढून दाखवण्याचे.

एवढ्यावर उठून जाणाऱ्याचा अपेक्षाभंग होतो. जो थांबतो त्याला वेगळे दिसते. आयो गुरूभोवतीची फेरी साडेबेचाळीस तासांत पुरी करतो. युरोपाला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, गॅनिमीडला चौपट आणि दूरच्या कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस. म्हणजे काल रात्री काढलेले चित्र आज खोटे ठरलेले असते. आयो गुरूच्या बिंबाजवळ असेल, तर लहान दुर्बिणीतून पाऊण तासातच त्याची जागा हललेली कळते. एखादा ठिपका गुरूच्या सावलीत शिरताना हळूहळू मंदावत जातो आणि तीन-चार मिनिटांत विझतो. बिंबापासून अंतर राखून, काहीही आड आलेले नसताना विझतो, म्हणून पाहणारा दचकतो. जरा मोठी दुर्बीण असली, तर गुरूच्या बिंबावरून सरकणारी उपग्रहाची सावली टाकाच्या टोकाने उमटवलेल्या शाईच्या बिंदूसारखी दिसते. त्या बिंदूच्या जागी त्या क्षणी सूर्यग्रहण चालू आहे, हे आपण जाणतो. पण दिसतो तो बिंदूच. दिसणे आणि जाणणे यांच्यातले हे अंतर मनाने भरून काढायचे असते. या छंदाचे सगळे सुख त्या भरून काढण्यात आहे, आणि वाचणाऱ्या माणसाला ते अपरिचित असण्याचे कारण नाही. कागदावरच्या काळ्या खुणा तरी दुसरे काय मागतात?

छायाचित्रांशी आमचे भांडण नाही. ती थोर आहेत, शेकडो माणसांच्या बुद्धीचे आणि श्रमाचे ते फळ आहे. भांडण आहे ते ‘छायाचित्र पाहिले म्हणजे पाहणे झाले’ या समजुतीशी. आपल्या वर्गांतला अनुभव आठवावा. कादंबरी नेमलेली असते. विद्यार्थ्याच्या हाती गाईड असते. गाईडात कथानक असते, पात्रे असतात, ‘लेखकाचा जीवनविषयक दृष्टिकोन’ पाच मुद्द्यांत असतो. कित्येकदा त्यात कादंबरीविषयी जितकी माहिती असते तितकी एका वाचनात वाचकाच्या हाती लागतही नाही. तरीही आपण विद्यार्थ्याला मूळ पुस्तक वाच असे सांगतो. का सांगतो? माहिती कमी पडते म्हणून नव्हे. वाचताना जो वेळ जातो, जी चुकामूक होते, पन्नासाव्या पानावर जे कळले नव्हते ते दोनशेव्या पानावर कळते, ती प्रक्रियाच आपल्याला हवी असते. जो अध्यापक हे वर्गात सांगतो आणि गच्चीवरच्या दुर्बिणीला मात्र ‘फोटो असताना कशाला’ असे हसतो, त्याने स्वतःच्याच व्यवसायाची बाजू सोडलेली असते.

गॅलिलिओची टिपणे साहित्याच्या विद्यार्थ्याने या दृष्टीने पाहावीत. ७ जानेवारी १६१० च्या रात्री पादुआत त्याला गुरूजवळ तीन बारीक तारे दिसले: दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याने ते स्थिर तारे मानले. ८ तारखेला तिन्ही पश्चिमेला होते. तेव्हा त्याने तारे हलले असे म्हटले नाही. गुरूच गणिताने सांगितलेल्या दिशेच्या उलट सरकला असावा, अशी शंका घेतली. ९ तारखेला आभाळ ढगाळ. १० तारखेला दोनच तारे, दोन्ही पूर्वेला. आता गुरूच्या गतीने उलगडा होईना. हलत होते ते तारेच. १३ तारखेला चौथा दिसला. मार्च १६१० मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या पुस्तिकेत २ मार्चपर्यंतच्या नोंदी आहेत: मध्ये गुरूचे वर्तुळ, आजूबाजूला चांदण्या, अंतरे, वेळ, आणि पुन्हा तेच. हा पुस्तिकेचा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हांला तो सर्वांत वाचनीय वाटतो. अर्थ लावणारा माणूस आपला पहिला अर्थ सोडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे तिथे रात्रीगणिक उघडे पडलेले आहे. या निरीक्षणामागे स्वार्थ नव्हता असेही नाही. गॅलिलिओने त्या उपग्रहांना मेदिची घराण्याचे नाव दिले आणि त्याच वर्षी त्या दरबारची नोकरी मिळवली. आज रूढ असलेली नावे सिमोन मारियुसने १६१४ साली छापून प्रसिद्ध केलेली. पाहणारा डोळा निर्मळ असतोच असे नाही. नोंद मात्र प्रामाणिक असू शकते, हा धडाही समीक्षकांच्या उपयोगाचा आहे.

शनीची गोष्ट याहून बोलकी. गॅलिलिओला १६१० साली शनी तिहेरी दिसला: मधला मोठा, दोन बाजूंना दोन लहान. १६१२ साली बाजूचे दोन्ही नाहीसे झाले आणि तो चक्रावला. डोळ्याने फसवले नव्हते. जे दिसले ते दिसतच होते. कमी होती ती ते वाचण्याच्या रीतीची. ह्यूगेन्सने १६५५ साली टायटन हा शनीचा उपग्रह शोधला आणि १६५९ साली कड्याचा उलगडा छापला: चपटे कडे, कलते, ठरावीक काळाने आपल्याकडे कडेने येणारे आणि म्हणून दिसेनासे होणारे. २०२५ साली ते असेच जवळजवळ कडेने दिसत होते. शनी पाहायला आलेल्यांचा त्यामुळे विरस होतो खरा, पण गॅलिलिओला चक्रावून टाकणारे दृश्य काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगला काळ नाही.

आणि कासिनी. त्याला १६७१ साली शनीचा आणखी एक उपग्रह सापडला, आयापिटस. तो शनीच्या पश्चिमेला असताना दिसे. पूर्वेला जायचा तेव्हा हरवून जाई. एकूणऐंशी दिवसांची फेरी, आणि प्रत्येक फेरीत अर्धा काळ अज्ञातवास. कासिनीने अंदाज बांधला की या उपग्रहाची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असली पाहिजे, आणि आपल्या चंद्राप्रमाणे तो शनीकडे नेहमी एकच बाजू ठेवत असला पाहिजे. पूर्वेकडचा तो मंद आयापिटस त्याला अधिक चांगल्या दुर्बिणीतून १७०५ साली दिसला. मध्ये चौतीस वर्षे गेली. अंदाज बरोबर होता, हे पुढे यानांनी काढलेल्या छायाचित्रांवरून कोणालाही दिसले. आज चार इंची दुर्बीण असलेला कोणीही हौशी माणूस हा उपग्रह पश्चिमेला पाहू शकतो आणि चाळीसेक दिवसांनी पूर्वेला शोधताना त्याला मुकू शकतो. ते मुकणे हेच निरीक्षण आहे. संहितेत जे नाही त्याचाही अर्थ लावायचा असतो असे आपण वर्गात सांगतो. इथे ते डोळ्यांनी करून पाहता येते.

आता छंदाच्या मित्रांकडे वळू. त्यांचे तीन पंथ आहेत.

पहिला पंथ प्रबोधनकारांचा. आकाशदर्शनाने वैज्ञानिक दृष्टी येते, अंधश्रद्धा जाते, असे ते सांगतात. शनी एकदा दुर्बिणीतून पाहिला की साडेसातीची भीती उरत नाही म्हणे! आम्ही रांगेत उभे राहून शनी पाहिलेली पुष्कळ माणसे पाहिली आहेत. कडे पाहून ती मनापासून हरखतात, ‘स्टिकर लावलाय का हो?’ असे विचारतात, आणि त्यांतली काही तिथल्या तिथे हात जोडतात. गुरुबळ नाही म्हणून लांबलेली लग्ने गुरूचे चार चंद्र पाहून लवकर होत नाहीत. अंधश्रद्धेशी लढणे आवश्यक आहे; पण त्या लढाईचे शस्त्र म्हणून दुर्बीण वापरली की ती फार काळ टिकत नाही आणि पाहण्याचे सुखही हातचे जाते.

दुसरा पंथ अथांगवाद्यांचा, आणि दुर्दैवाने तो आपल्या साहित्यिक मंडळींचा आवडता आहे. ‘या अनंत विश्वापुढे माणूस किती क्षुद्र!’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय त्यांना आकाशाखाली उभे राहता येत नाही. आम्हांला हे वाक्य आळसाचे वाटते. ते बोलायला आकाशाकडे पाहण्याची गरज नसते. डोळे मिटूनही ते म्हणता येते, आणि बहुतेक वेळा तसेच म्हटले जाते. गुरूच्या उपग्रहांचा नाद लागलेल्या माणसाला क्षुद्र वाटत नाही. साठ-पासष्ट कोटी किलोमीटरवरचा एक ठिपका आज रात्री अमुक वाजता विझणार आहे हे त्याला ठाऊक असते, तो घड्याळ घेऊन बसतो, आणि ठिपका विझतो. त्याच्या मनात त्या वेळी जे असते त्याला भव्यतेचा साक्षात्कार म्हणणे गैर आहे. ठरल्या वेळी दाराशी आलेल्या माणसाला पाहून वाटते, तसे काहीसे ते असते.

तिसरा पंथ उपयुक्ततावाद्यांचा. त्यांच्या हाती र‍्योमरचे उदाहरण असते. आयोच्या ग्रहणांच्या वेळा टिपताटिपता १६७६ साली र‍्योमरने दाखवून दिले की, पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ही ग्रहणे उशिरा दिसतात, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो. प्रकाशाची गती मर्यादित आहे हे माणसाला असे कळले. उदाहरण अप्रतिम आहे आणि आम्ही त्यावर आमची बाजू उभी करणार नाही. गच्चीवरचा हौशी माणूस र‍्योमर होणार नाही, आणि होण्यासाठी तो तिथे बसलेलाही नाही. कविता वाचल्याने शब्दसंग्रह वाढतो हे खरे आहे. पण एवढ्याच कारणासाठी कविता वाचा असे सांगणारा कवितेचा मित्र नव्हे.

या तिघांपेक्षा शंकर बाळकृष्ण दीक्षित आम्हांला जवळचे वाटतात. भारतीय ज्योतिषशास्त्राचा साक्षेपी इतिहास १८९६ साली मराठीत लिहिणारा हा विद्वान शिक्षकी पेशातला. याच माणसाने त्याआधी सामान्य वाचकासाठी एक पुस्तक लिहिले आणि त्याचे नाव ठेवले ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. मौज! ज्याच्या पांडित्याविषयी कोणी शंका घेऊ शकत नव्हते, त्याला हा शब्द मुखपृष्ठावर घालताना संकोच वाटला नाही. प्रबोधन, साक्षात्कार, उपयोग यांतले काहीही त्याने पुढे केले नाही. आणि दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. तेवढ्यात आयो गुरूच्या व्यासाच्या सुमारे एक-तृतीयांश अंतर कापतो. माप अगदी बरोबर बसते. सव्वाशे वर्षांनंतर आपल्याला मात्र निखळ मौजेची लाज वाटते आणि आपण तिला कोणत्या ना कोणत्या सत्कार्याचे कपडे चढवतो.

या लाजेचे परिणाम आपल्या लेखनात दिसतात. मराठी कथा-कवितांत चंद्र-चांदण्यांना तोटा नाही. पाहिलेल्या चंद्र-चांदण्यांचा आहे. मध्यरात्री माथ्यावर तळपणारी शुक्राची चांदणी कथेत आढळते. आकाशात ती आढळणार नाही, कारण शुक्र सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांपलीकडे जातच नाही. तो सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी फार तर तीन-साडेतीन तास दिसायचा. संध्याकाळी पूर्वेला उगवणारी नाजूक कोर आढळते. तिथे त्या वेळी उगवतो तो पौर्णिमेचा चंद्र. कविस्वातंत्र्य म्हणून हे सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल. स्वातंत्र्य घ्यायला आधी नियम ठाऊक असावा लागतो. ठाऊकच नसताना घेतलेले स्वातंत्र्य म्हणजे निष्काळजीपणा. एखाद्या लेखकाने आंब्याला श्रावणात मोहोर आणला, तर आपण त्याला सोडणार नाही.

मृगाचे उदाहरण तर फारच लागण्यासारखे आहे. आपल्या ग्रामीण साहित्यात मृग म्हणजे पाऊस. परंतु जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ‘मृग लागतो’ तो सूर्य त्या नक्षत्रात शिरतो म्हणून. त्या दिवसांत आकाशातला मृग सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो, दिसत नाही. तो पाहायचा पौष-माघातल्या थंडीत, संध्याकाळी पूर्वेकडे. म्हणजे शेतकरी ज्याच्या नावाने पेरणीला लागतो, ते नक्षत्र त्या वेळी अदृश्य असते. केवढी अर्थगर्भ गोष्ट आहे ही! आमच्या वाचनात तिचा वापर केलेली कथा आलेली नाही. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणणारी, सप्तर्षींमध्ये म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर पाहणारी माणसे या भाषेत होती. ती नावे पाहणाऱ्यांनी ठेवली होती. आपण कोशांतून ती गोळा करतो, त्यांवर प्रबंध लिहितो, आणि प्रबंध पुरा होईपर्यंत एकदाही खिडकीतून मान बाहेर काढत नाही.

यावर ठरलेली उत्तरे आहेत. शहरात आकाश उरलेच कुठे, हे पहिले. आकाशगंगा शहरातून गेली, हे खरे आणि दुःखाचे आहे. काळोख आता राखून ठेवावा लागतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, याचा आनंद मानायचा की वाघाइतकाच अंधारही दुर्मीळ झाला म्हणून खेद करायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ग्रहांना हे कारण लागू पडत नाही. गुरू आणि त्याचे उपग्रह दादरच्या गच्चीवरूनही दिसतात. रस्त्यावरच्या दिव्यांचे त्यांच्यापुढे फारसे चालत नाही. काळोख नाही म्हणून पाहत नाही असे म्हणणाऱ्याने गुरू तरी पाहिलेला असावा. दुसरे उत्तर, हा रिकामटेकड्या सुखवस्तूंचा छंद आहे. दुर्बीण विकत घ्यावी लागते आणि रात्री जागण्याची चैन प्रत्येकाला परवडत नाही, हे आम्ही नाकारत नाही. मात्र हा आक्षेप वाचनालाही तंतोतंत लागू आहे, आणि म्हणून वाचन बंद करा असे कोणी म्हणत नाही. वाचनालये काढा असे म्हणतो. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करत आली आहे. एक दुर्बीण शंभर डोळ्यांना पुरते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ‘निसर्गप्रतिमा’ हा घटक शिकवण्यापूर्वी प्रत्येक मराठी विभागाने एक द्विनेत्री दुर्बीण मिळवावी आणि विद्यार्थ्यांना आठ रात्री गुरूकडे पाहायला लावावे. प्रत्येकाने वहीत मध्ये एक वर्तुळ काढावे, ठिपके जसे दिसतील तसे मांडावेत, तारीख आणि वेळ लिहावी. विशेषणे वापरायची नाहीत. ‘अथांग’ लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापावा. ढग आले तर ‘ढग’ असे लिहावे. आठ रात्रींनंतर सगळ्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून कोणता ठिपका कोणता ते आपसांत ठरवावे, भांडावे, आणि मगच पंचांग किंवा संगणक उघडावा. या उपक्रमाला गुण असू नयेत असे सुचवण्याचा मोह होतो. पण गुण नसले तर कोणी येणार नाही, हे अध्यापकांना आम्ही सांगायला नको.